बारा बाय दहातले कानसेन

गाण्याचा शौकीन भेटला की विचारतो, "सध्या काय ऐकताय?" कानसेन विचारतात, "कशावर ऐकताय?" तुम्ही बेसावधपणे "मोबाइलवर" म्हणून गेलात, तर ते क्षणभर डोळे मिटून घेतात आणि हळुवार आवाजात म्हणतात, "एकदा घरी या. एकदा ऐका फक्त." हे आमंत्रण आजवर कुणाला टाळता आलेलं नाही.

प्रत्येक सोसायटीत, बँकेत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये असा एक तरी असतोच. वय पन्नाशीच्या पुढे, मुलं मार्गी लागलेली, गृहकर्ज फिटलेलं. या वयात काही लोक नर्मदा परिक्रमा करतात, काही मुळशीला प्लॉट घेतात. कानसेन डॅक घेतात. डॅक म्हणजे आकड्यांत साठवलेल्या गाण्याची पुन्हा विजेची लहर करणारी डबी. तुमच्या मोबाइलमध्ये ती नखाएवढी असते. कानसेनांची तेरा किलोंची आहे.

आमचे कानसेन कोथरूडला राहतात. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, साठीला टेकलेले. लेक लग्न होऊन बंगळूरला गेली आणि तिच्या खोलीची 'लिसनिंग रूम' झाली. बारा बाय दहा. आत शिरण्याआधी मोबाइल बंद करावा लागतो. सायलेंट नव्हे, बंद. मग वहिनी जाऊन फ्रिज बंद करतात, कारण कॉम्प्रेसरची घरघर म्हणे गाण्यातले बारकावे खाते. मे महिना असला तरी पंखा बंद. एकदा शेजारच्यांची शेंगदाण्याची चटणी होऊन त्यांचा मिक्सर थांबेपर्यंत आम्ही दोघं घाम पुसत गप्प बसून होतो.

"भाऊजी, उकडतंय ना?" वहिनी दारातूनच कुजबुजल्या. "पन्हं आणते, पण गाणं संपल्यावर. ग्लासात बर्फ वाजतो."

खोलीत खुर्ची एकच, मागच्या भिंतीला टेकवलेली. तिच्या चारही पायांच्या जागा जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीने आखून ठेवल्या आहेत. स्पीकर समोरच्या भिंतीपासून चांगले तीन फूट पुढे. त्यामुळे गॅलरीत कपडे वाळत घालायला जाताना वहिनींना बादली छातीशी धरून आडवं सरकावं लागतं. पाहुण्याला आधी कडेच्या मोड्यावर बसवतात आणि वर सांगतात, "तिथून तुम्हाला खरं ते ऐकू येणार नाही." पाच मिनिटांनी मोठ्या मनाने खुर्ची देतात आणि स्वतः समोर उभे राहून तुमच्या तोंडाकडे बघत राहतात. हा क्षण अवघड. इथे गाणं ऐकायचं नसतं, चेहरा करायचा असतो. भुवया किंचित वर, मान थोडी तिरकी, आणि नेमक्या जागी दाद. दाद 'अहाहा' अशी देऊ नये. अहाहा गाणाऱ्याला असतं. इथे म्हणायचं, "काय सेपरेशन आहे हो!"

परवा केसरबाई केरकरांची जुनी अठ्ठ्याहत्तरची तबकडी लागली होती. "तबला बघा," कानसेन बोट रोखून म्हणाले, "डावीकडे, दोन फूट मागे. सारंगी त्याच्या पलीकडे. दिसते?" मी बघितलं. तिथे गणपतीची तसबीर होती. त्या काळच्या तबकडीच्या खोबणीत आवाज एकपदरीच असायचा. डावं-उजवं वेगळं करणाऱ्या स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला 1958 उजाडलं. पण कानसेनांना सारंगी दिसत होती, आणि साठीच्या माणसाला काही दिसत असेल तर आपण कशाला मोडता घालावा? याच केसरबाईंची भैरवी 1977 साली नासाच्या दोन्ही व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अवकाशात गेली. परग्रहावर कुणाला सापडलीच तर पंचाईत नको म्हणून सोबत सुई आणि कार्ट्रिज दिली आहे, वाजवायची रीत चित्रं कोरून समजावली आहे. केबल कोणती वापरावी, याबद्दल मात्र नासाने एक अक्षर लिहिलेलं नाही. कानसेनांच्या लेखी ही हयगय अक्षम्य आहे.

तसा हा माणूस मुळात गाण्याचाच. लहानपणी वडिलांचा मर्फी रेडिओ. ऐंशीच्या दशकात तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून मित्राकडून जोडून घेतलेला ॲम्प्लिफायर आणि प्लायवूडच्या खोक्यातले स्पीकर. रेकॉर्डिंगच्या दुकानात गाण्यांची यादी देऊन कॅसेट भरून घ्यायची तेव्हाची रीत. टेप अडकली की ती सोडवून पेन्सिलीने गुंडाळायची. त्या खोक्यांवर त्यांनी कुमारजी, मल्लिकार्जुन, किशोरीताई रात्ररात्र ऐकल्या. कुणाकुणाच्या हातापाया पडून मिळवलेल्या घरगुती मैफलींच्या टेपा, त्यात मधेच कुणीतरी खोकलेलं, कपबशा वाजलेल्या. पण त्यातली प्रत्येक जागा त्यांना तोंडपाठ होती.

आता त्या टेपा लागत नाहीत. यंत्रणा इतकी 'उघडी' झाली आहे, की खराब ध्वनिमुद्रण सहन होत नाही म्हणे. पावणेआठ लाखांची सामग्री जमली आणि ऐकण्याजोग्या गाण्यांची संख्या चाळीसवर आली. त्यातही जपानी ढोलांची एक तबकडी आणि ईगल्सचं 1994 च्या मैफलीतलं 'हॉटेल कॅलिफोर्निया'. त्या गाण्याचे शब्द कानसेनांना येत नाहीत. सुरुवातीचा ढोल किती खोल जातो एवढंच ते बघतात. सवाईला दरवर्षी जातात, नाही असं नाही. मध्यंतरात वडा खाताना हळूच म्हणतात, "गायल्या छान. पण वरचे स्वर जरा टोचतात नाही? घरी बरं लागतं."

'वायर' हा शब्द त्या घरात उच्चारायचा नाही. केबल. स्पीकरच्या केबलला दीड लाख पडले, आणि तिच्यावर बाण छापलेला आहे. गाण्याची वीज सेकंदाला शेकडो, हजारो वेळा उलटसुलट धावते. तिने कोणत्या बाजूचा बाण पाळायचा, हे ती केबल बनवणाऱ्यालाच ठाऊक. एकेरी वाहतुकीचा बाण पाळणारं पुण्यात कुणीतरी आहे, याचाच मला आनंद झाला. ही केबल जमिनीला टेकू नये म्हणून तिच्याखाली दर फुटावर एकेक शिसवी ठोकळा.

दिवाळीच्या साफसफाईत कामाच्या मावशींनी ते सगळे ठोकळे उचलले. त्यांच्या मते तो नातीचा विसरलेला खेळ होता. डब्यात भरून माळ्यावर टाकले. एक तेवढा डुगडुगणाऱ्या डायनिंग टेबलाच्या पायाखाली सारला. पाडव्यापासून संक्रांतीपर्यंत दीड लाखाची केबल गालिच्याखाली लपून जमिनीवर लोळत होती. याच काळात कानसेनांनी मला मुद्दाम फोन करून कळवलं, की तीनशे तास वाजल्यावर केबल आता कुठे 'उघडली', खर्ज कसा आवळून आलाय, पडदा उठल्यासारखं वाटतंय. संक्रांतीला टेबल हलवताना ठोकळा सापडला. कानसेन बराच वेळ तो हातात धरून उभे होते. मग म्हणाले, "तरीच गेल्या आठवड्यापासून काहीतरी बिनसल्यासारखं वाटत होतं."

बिनसलेलं नंतर कळणं हा या जमातीचा खास गुण आहे, आणि तो कोथरूडपुरता नाही. अमेरिकेत मोबाइल फिडेलिटी नावाची कंपनी आहे. जुन्या मूळ टेपांवरून ती नव्या तबकड्या काढते; काहींची किंमत शंभर डॉलरच्या वर. जगभरचे कानसेन या तबकड्यांची शपथ घ्यायचे. डिजिटलचा स्पर्श झाला की गाण्याचा प्राण जातो, आणि या पाहा अस्सल ॲनालॉग तबकड्या, ऐका म्हणजे पटेल, असा सगळा युक्तिवाद त्यावर उभा होता. 2022 च्या जुलैत बाहेर आलं, की मूळ टेप आणि तबकडी यांच्यामध्ये कंपनी कित्येक वर्षं डिजिटल फाइल घालत होती. 2011 पासूनच्या अनेक तबकड्यांची हीच कथा. कंपनीच्या इंजिनिअरांनीच ते कबूल केलं, कोर्टकज्जे झाले, भरपाईची तडजोड झाली. एवढ्या वर्षांत त्या एकाही सोनेरी कानाला डिजिटलचा वास आला नव्हता. आमच्या कानसेनांकडे त्यातल्या दोन तबकड्या आहेत. मी विषय काढला तेव्हा म्हणाले, "मला त्या तेव्हाच खटकल्या होत्या." त्या 'तेव्हा' मीच त्या खुर्चीत बसून 'काय सेपरेशन' म्हणालो होतो, आणि ते समोर उभे राहून डोळे पुसत होते.

विजेचं तर विचारूच नका. जपानमधल्या एका वयस्क वकिलाने गाणं शुद्ध यावं म्हणून आपल्या आवारात स्वतःपुरता विजेचा खांब उभारून घेतला, अशी बातमी 2016 साली वॉल स्ट्रीट जर्नलने छापली होती. तिची छापील प्रत कानसेनांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत वाटली. पार्किंग आणि टाकीची गळती यांच्यानंतर 'आयत्या वेळचे विषय' यात त्यांचा खांब आला. सेक्रेटरींनी तो पुढच्या वर्षावर ढकलला. पुढच्या वर्षी पुन्हा पार्किंगच निघालं.

आता भाचा. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, इलेक्ट्रॉनिक्सचा. मामावर त्याचा जीव आहे आणि मापनयंत्रांवरही. मामांनी नुकताच स्पीकरच्या डोक्यावर आणखी एक चिमुकला स्पीकर बसवला होता: सुपर ट्वीटर, चाळीस हजार हर्ट्झपर्यंत जाणारा. माणसाच्या तरुण कानाची धाव वीस हजारांपर्यंत. वाढत्या वयाबरोबर ती वरून खाली येत जाते. "पण त्याने हवा येते," मामा म्हणाले. भाच्याने काही न बोलता लॅपटॉपवरून पंधरा हजार हर्ट्झचा सूर सोडला. सुट्टीला आलेली सहा वर्षांची नात कानावर हात ठेवून किंचाळली, "आजोबा, बंद करा ना ते!" आजोबा खुर्चीत ताठ बसून वाट बघत होते. "अरे, लाव की," ते भाच्याला म्हणाले.

माझं मत विचाराल तर स्पीकरवर पैसे घालावेत. एक स्पीकर आणि दुसरा स्पीकर यांच्या आवाजात खरोखर फरक असतो, कुणालाही कळेल इतका. पण तिथेही महाग तेच सुरेल असं काही नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी 1994 साली पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांकडून गुण घेतले आणि मग पडदा काढून पुन्हा घेतले. पडदा निघाल्याबरोबर थोराड, देखण्या स्पीकरांचे गुण वाढले आणि स्वस्त, छोट्याचे घसरले. आवाज तोच होता. ॲम्प्लिफायर पुरेशा ताकदीचा असला की पुरे. आणि डॅकची तर गोष्टच संपलेली आहे. मोबाइलला लावायचा बोटभर डॉंगल हजाराच्या आसपास मिळतो, आणि त्याची स्वतःची खरखर गाण्याच्या खाली शंभरेक डेसिबेल गाडलेली असते. पंखा, फ्रिज आणि शेजारची चटणी बंद करूनही खोलीतला गलबला त्याच्या कितीतरी वर राहतो.

हे भाच्याने मामांना सांगितलं. मामांनी मंद हसून विचारलं, "मोजलंस ना? ऐकलंस का?" मग ऐकायचं ठरलं.

तो रविवार मी विसरणार नाही. एका बाजूला तेरा किलोंचा डॅक, दुसऱ्या बाजूला डॉंगल, मध्ये अदलाबदलीचं बटण, आणि सगळ्यावर वहिनींचा जुना शालू झाकलेला. भाच्याने आधी व्होल्टमीटर लावून दोन्हींचा आवाज अगदी समसमान केला. अर्धा डेसिबेल जरी चढा असला तरी कानाला तो चढा वाटत नाही, सरस वाटतो. दुकानदारांना ही विद्या पूर्वापार अवगत आहे. नियम ठरला: सोळा वेळा ओळखायचं, किमान बारा बरोबर आले तर भाच्याने कायमचं गप्प बसायचं. पहिल्या तीन वेळा मामांनी क्षणात सांगितलं. चौथ्यांदा जरा थांबले. सातव्याला "पुन्हा लाव" म्हणाले. दहाव्याला पाणी मागितलं. बाराव्याला वहिनींकडे बघितलं, आणि वहिनींनी, संसाराच्या इतक्या वर्षांत प्रथमच, नजर चुकवली.

नऊ आले. नाणं उडवलं असतं तर आठ आले असते.

"म्हणजे मला कमी ऐकू येतं असं तुझं म्हणणं?"

"नाही मामा. कुणालाच नाही ऐकू येत. 2007 साली मेयर आणि मोरान म्हणून दोघांनी हेच केलं. भारी रेकॉर्डिंग एकदा थेट आणि एकदा साध्या सीडीच्या मापातून गाळून वाजवलं. साडेपाचशेच्या वर चाचण्या घेतल्या, निम्म्याच बरोबर आल्या. त्यात रेकॉर्डिंग इंजिनिअरसुद्धा होते."

मामा उठले. शालूची घडी घातली. मग एकेक मुद्दा बाहेर आला: परीक्षा म्हटली की कान मिटतात, बटणाच्या डबीतली साधी वायर सगळी पारदर्शकता मारते, डॅक थंड होता, रविवारी सगळ्या सोसायटीची गिझर चालू असतात, आणि मुख्य म्हणजे खरा फरक असा तुकड्यातुकड्यांत कळतच नाही, तो महिनोन्महिने सहवासात कळतो. शेवटच्या मुद्द्यावर वहिनींनी प्रथमच तोंड उघडलं.

"मी पैठणी घेते ना, ती सुंदर आहे म्हणून घेते. थंडीत शालीपेक्षा जास्त ऊब देते असं नाही सांगत कुणाला."

यावर कानसेनांजवळ उत्तर नव्हतं. खरं तर हे उत्तर त्यांनी घ्यायला हवं होतं, इतकं सोयीचं होतं. तेरा किलोंच्या त्या डबीचं ॲल्युमिनियम काय रेखीव घडवलंय, तिची ती गोल खुंटी बोटांना कशी लागते! हौसेला मोल नसतं आणि हौसेचा हिशेब कुणी मागितलाही नव्हता. पण हौस म्हणवून घ्यायला कानसेन कधीच तयार नसतात. त्यांना ते सत्य हवं असतं, आणि सत्य दर दिवाळीला नवं येतं.

भाचा मात्र हरणारा नव्हता. पुढच्या वेळी तो मोजणीचा माईक आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेऊन आला. खोलीभर सूर सोडले आणि पडद्यावर आलेख काढला. 47 हर्ट्झपाशी एक टेकडी उभी राहिली. "बारा फुटांची खोली, मामा. या एका सुराला ती घुमणारच. आणि घुमारा सगळ्यात जास्त भिंतीला चिकटून असतो, नेमकी तिथेच तुमची खुर्ची." मग त्याने मध्यभागी उभं राहून टाळी वाजवली. टाळीच्या मागे दोन भिंतींमधून 'टर्र' असा थरथरता आवाज फिरत राहिला. "आणि किशोरीताईंच्या प्रत्येक तानेमागे हे असं."

खुर्ची तीन फूट पुढे आली. चिकटपट्टी उपटताना कानसेनांचा हात थरथरत होता. वहिनींनी माळ्यावरून दोन जाड गोधड्या आणि दिवाणाची कापसाची गादी काढली. मावशींनी ठोकळ्यांच्या डब्याकडे न बघता ती खाली घेतली. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर खिळ्यांना गोधड्या टांगल्या, मागे गादी उभी केली. भाच्याने पुन्हा टाळी वाजवली. नुसती टाळी वाजली.

मग एक घरगुती टेप लावली, कित्येक वर्षांत न लागलेली. तंबोरे सुरू झाले आणि मी, ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही, तो सावरून बसलो. आवाज वेगळा होता. ढगळपणा गेला होता, बोल न बोल सुटा होता, खोकणारा गृहस्थसुद्धा स्वच्छ खोकत होता. वहिनी दारात थबकल्या. मावशी झाडू हातात धरून म्हणाल्या, "आता कळतंय बाई काय म्हणतीय ती." ना शालू झाकायला लागला, ना सोळा वेळा ओळखायला. कानसेन बोललेच नाहीत. टेपची बाजू संपली तरी बसून होते. मग नुसतं "अहाहा" म्हणाले.

खर्च: आठ खिळे.

आणि तीच अडचण झाली. पुढे मी गेलो तेव्हा गोधड्या माळ्यावर परत गेल्या होत्या. भिंतींवर परदेशातून मागवलेले करड्या कापडाचे तक्ते बसले होते, प्रत्येकी अकरा हजार, अधिक कस्टम ड्युटी. आवाज गोधड्यांइतकाच छान येत होता. भाचा मोड्यावर बसून सरबत पीत होता. समेट झालेला दिसत होता. मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"तू म्हणालास ते शंभर टक्के खरं निघालं. खोली हेच सगळं. इतकी वर्षं खोलीच आड येत होती."

"मग? मी सांगत होतो ना, मामा."

"अरे, म्हणूनच तर. खोली सुधारली आणि पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आलं," कानसेन गालिचा उचलून खाली बोट दाखवत म्हणाले, "ही केबल कमी पडतेय."